टिटवीचा माळ आणि अस्वलाची डोणी

एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडे संपून मुरमाड जमीन सुरू होते, तिथल्या माळावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध अंडी घालते, आणि अंडीही अशी ठिपक्याठिपक्यांची की शेजारचा खडा कुठला आणि अंडे कुठले, ते पटकन ओळखू येत नाही.

याच माळावर उन्हं कलली की जंगलातले प्राणी चेंडूदांडू खेळायला जमत. एकाने वेलींचा घट्ट वळलेला चेंडू टाकायचा, दुसऱ्याने तो दांडूने टोलवायचा, आणि चेंडू परत येण्याआधी चार कोपऱ्यांतल्या चार धोंड्यांना पाय लावून धावत फिरायचे, असा तो खेळ. तिसऱ्या धोंड्याजवळ टिटवीची जागा होती. म्हणून तिथे येताच धावणारा लांबून वळसा घेई. त्याला सगळे ‘फेर घेणे’ म्हणत. तो फेर पुरा होईपर्यंत समोरचा गडी चेंडू हातात धरून मुकाट्याने थांबत असे. हा नियम कुणी कुणाला शिकवला नव्हता. माळाचे नावच ‘टिटवीचा माळ’ होते. नवे पोर आले की ते विचारी, “टिटवीचा माळ का म्हणतात?” मग कुणीतरी त्याला तिसऱ्या धोंड्याशी नेऊन म्हणे, “ते बघ. म्हणून. इथे पायाखाली बघून धावायचं.”

माळावर उणिवा दोनच होत्या. तिथे सावली नव्हती आणि पाणीही नव्हते. टिटवी आपल्या पिल्लांसाठी दूरच्या ओढ्यावर जाई आणि पोटाची पिसे भिजवून तेवढे पाणी घेऊन येई.

एकदा उन्हाळा सरता सरता जंगलातले अस्वल माळावर आले. त्याचा मधाचा व्यापार होता. मध चांगला होता, पण दूरच्या रानांत त्याचे नाव कुणाला माहीत नव्हते. खेळाचा पंच होता कोल्हा. अस्वल त्याला म्हणाले, “कोल्होबा, मी इथे दगडाची मोठी डोणी बांधून देतो. झऱ्याचं पाणी वळवून तिच्यात सोडतो. बघणाऱ्यांसाठी पळसाच्या पानांचा मांडवही घालतो. फक्त मैदानाला माझ्या मधाचं नाव द्या.”

कोल्ह्याने मिशा सारख्या केल्या. “अस्वल मध मैदान. ऐकायला भारदस्त वाटतं. काय टिटवीताई, तुमची काही हरकत?”

टिटवीने विचार केला. डोणी झाली तर ओढ्यापर्यंतची खेप वाचेल. नाव काय, तिने स्वतः थोडेच ठेवले होते? ती म्हणाली, “नाव बदललं तरी माळ तोच राहणार. बांधा की.”

म्हातारा ससा तेवढा पुटपुटला, “जुनं नाव बरं होतं हो.”

“तुम्हाला जुनं सगळंच बरं वाटतं, ससेआजोबा,” कोल्हा म्हणाला. “मध खाणार का, ते सांगा.” ससा मध खात नाही, हे त्याला माहीत होते. सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

अस्वल शब्दाला जागणारे होते. डोणी झाली, मांडवही उभा राहिला. पोपटांनी रानोरानी उडत जाऊन नवे नाव सांगितले. खेळायला येणाऱ्या पिल्लांना कोल्हा आधी विचारी, “मैदानाचं नाव काय?” बरोबर सांगेल त्याला मधाचे बोट. मग जुने नाव कोण घेणार? आणि जुने नाव कुणी घेईना, तसे ‘का म्हणतात?’ असेही कुणी विचारीना.

पुढच्या उन्हाळ्यात टिटवीने नेहमीच्या जागी चार अंडी घातली. डोणीचे गार पाणी पिऊन ती समाधानाने अंड्यांवर बसे. पण एका संध्याकाळी हरणाचे एक पाडस धावत तिच्या इतक्या जवळून गेले की धूळ तिच्या चोचीत गेली. दुसऱ्या दिवशी एक लहानगा कोल्हा तसाच गेला. दोघांनीही फेर घेतला नाही. खट्याळपणा त्यांच्यात नव्हता. त्यांना ते ठाऊकच नव्हते. घातलेली अंडी काही उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

ती कोल्ह्याकडे गेली. “कोल्होबा, उद्या नदीकाठच्या रानडुकरांशी सामना आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना माझ्या जागेचं सांगाल ना?”

“सांगतो की. त्यात काय एवढं?”

दुसऱ्या दिवशी मांडव खचाखच भरला. अस्वल मानाच्या जागी बसले. कोल्ह्याने अस्वलाचे आभार मानले, मग मधाचे कौतुक केले, मग आठवण झाली म्हणून पुन्हा अस्वलाचे आभार मानले. टिटवीचे सांगायचे तेवढे राहून गेले.

रानडुकरांच्या एका तरण्या पोराने चेंडू असा टोलवला की तो थेट करवंदीच्या जाळीत गेला. मांडवात एकच गिल्ला झाला. पोर पहिला धोंडा ओलांडून दुसऱ्याला पाय लावून सुसाट निघाले, तिसऱ्याच्या दिशेने, अगदी सरळ.

टिटवी अंड्यांवरून उठली. उडून जाणे तिच्या हातात होते, पण ती उडाली नाही. पंख पसरून, छाती पुढे काढून ती त्या धावत्या डुकरासमोर उभी राहिली आणि जीव तोडून ओरडू लागली. पोराला वाटले, ही समोरच्या संघातलीच कुणी असावी, आपल्याला अडवायला आलेली. त्याने मान खाली घातली आणि आणखी वेग घेतला.

मांडवात त्याची म्हातारी आई बसली होती. लहानपणी ती या माळावर खेळली होती. पण नजर मंदावलेली, त्यात हा मांडव आणि हे नवे नाव, त्यामुळे तिला जागा ओळखूच आली नव्हती. तो आवाज मात्र तिने ओळखला. ती ताडकन उठली.

“अरे पोरा, हा टिटवीचा माळ आहे. फेर घे, फेर!”

आईच्या तोंडून त्या माळाच्या गोष्टी ऐकतच तो लहानाचा मोठा झाला होता. नाव कानावर पडताच पाय आपोआप वळले. तो घसरला, कोलांटी खाऊन पार दुसऱ्या बाजूला पडला. एवढ्यात जाळीतून चेंडू आला आणि पोर बाद झाले.

धूळ खाली बसली. टिटवीने वळून पाहिले. चारही अंडी जागच्या जागी होती.

“आई, आधी सांगायचं नाही का?” पोर अंग झटकत म्हणाले. “माझी फेरी गेली ना.”

“मला तरी कुठे ठाऊक होतं, बाळा? पोपट म्हणाला, अस्वल मध मैदान. मला वाटलं, असेल कुठलंतरी नवीन.”

कोल्हा पायाच्या नखाकडे बघू लागला. अस्वल मात्र उठले आणि जड पावलांनी तिसऱ्या धोंड्यापर्यंत आले. वाकून त्याने ती ठिपक्यांची अंडी पाहिली.

“टिटवीताई, खरं सांगतो, मला वाटलं होतं नाव म्हणजे नुसतं नाव.”

“मलाही तसंच वाटलं होतं, अस्वलदादा,” टिटवी म्हणाली.

“कोल्होबा, माळाचं नाव माळाला परत द्या.”

“पण आपलं ठरलं होतं,” कोल्हा चाचरत म्हणाला. “डोणी तुम्ही बांधलीत, मांडव तुम्ही घातलात.”

“मग डोणीला माझं नाव द्या. माळ काही मी बांधलेला नाही.”

“आणि त्या पोराची फेरी?” मागून ससेआजोबांनी विचारले.

“धरली,” कोल्हा चटकन म्हणाला, आणि मांडव हसू लागला.

त्या दिवसापासून माळ टिटवीचा झाला आणि डोणी अस्वलाची. दूरदूरचे प्राणी खेळून दमले की अस्वलाच्या डोणीवर पाणी पीत, शेजारी ठेवलेला मध चाखत आणि घरी जाऊन त्याची गोडी सांगत. अस्वलाचा मध रानोरानी पोहोचला. काही दिवसांनी टिटवीची चार पिल्ले लुटुलुटु चालत त्याच डोणीवर आली. ती पाणी पीत असताना सशाचे एक नवे पोर दांडू घेऊन आले आणि कोल्ह्याला म्हणाले, “याला टिटवीचा माळ का म्हणतात हो?”

कोल्हा काही बोलायच्या आतच माळावरच्या सगळ्यांनी आपापल्या पायाखाली पाहिले.

तात्पर्य : जुन्या नावात मागच्यांनी जपलेले शहाणपण असते, ते विकू नये. आणि ज्याला नाव मिळवायचे असेल, त्याने ते आपल्या हातून घडलेल्या कामावर मिळवावे.