फुलावर आलेले मुळे

सोमगीर महाराज त्या काळी तळेखेडला, ओढ्याकाठच्या मठात राहत असत. पौषात त्यांच्या गुरूंच्या पुण्यतिथीला गावजेवण होई. गावात ठकूबाई नावाची एकटी राहणारी गरीब बाई होती. या पंगतीत आपल्या परसातली भाजी वाढली जावी, अशी तिची फार इच्छा. तिने घरामागे मुळ्याचे वाफे लावले, रोज कळशीने पाणी घातले. पण मुळे भरले आणि नेमकी ती तापाने आडवी झाली. उठून पाहते तो सगळे मुळे फुलावर आलेले! छातीइतके उंच दांडे आणि त्यांवर पांढरे-जांभळे तुरे.

तरी ती मठात विचारायला गेली. भंडाऱ्याचा कारभार हैबतराव देशमुखांकडे होता. ते चारचौघांत मोठ्याने हसले. "फुललेला मुळा म्हणजे नुसता चोथा. गुरं तरी खातील का बघ! वांग्यांची गाडी मी सांगून ठेवली आहे."

ठकूबाई डोळे पुसत घरी गेली.

पुण्यतिथीच्या दिवशी वांग्यांच्या गाडीचा आस दूर वाटेतच मोडला. इकडे पाने मांडलेली, लांबून आलेली माणसे बसलेली. हैबतरावांना घाम फुटला. "महाराज, भाजीच नाही. आता काय वाढू?"

महाराज म्हणाले, "ठकूबाईच्या परसात जा. मुळे तुम्ही स्वतः उपटा."

"पण महाराज, ते तर जून झालेत..."

"तुम्ही उपटून पाहिलेत का?"

हैबतराव चडफडत गेले. एक दांडा धरून त्यांनी ओढला. हातभर पांढराशुभ्र मुळा वर आला. मोडला, तर कटकन मोडला आणि बोटांवरून पाणी ओघळले! दुसरा उपटला, तिसरा उपटला. सगळे तसेच कोवळे. वर फुलांवर मधमाश्या घोंगावत होत्या.

"ठकूबाई," ते हळूच म्हणाले, "टोपली द्याल का?"

त्या दोन वाफ्यांतल्या भाजीवर सगळ्या पंगती उठल्या, तरी कढईत भाजी शिल्लक होती. हैबतरावांनी पागोटे काढून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराज मागे सरकले.

"हसलात कुणाला? पाय तिचे धरा."

देशमुख सगळ्या गावादेखत ठकूबाईपुढे वाकले. ती बिचारी ओशाळून पाय लुगड्यात ओढून घेत म्हणाली, "अहो, आधी जेवून घ्या. सकाळपासून उपाशी आहात."