हिवरावरचं घड्याळ

दोष पद्माकर ढवळ्यांचा. त्यांच्या वयाकडं आणि रडण्याकडं बघून कुणी दुसरं काही सांगायला लागलं, तर ऐकू नका.

"पण नाथजी, इथं ते ओळखणार कोण?" पद्माकरराव विचारत होते.

"काय ओळखणार?"

"घड्याळ."

"बाप हरवलाय म्हणालास."

"हो. पण बापाच्या हातात घड्याळ होतं ना. ते सापडलं की बाप सापडला."

वाघनाथांनी धुनीत लाकूड सारलं.

भर दुपार होती. बालाघाटच्या डोंगरात, झाड नाही झुडूप नाही अशा एका टेकाडावर हा मठ. अंगणात हिवराचं एकच काटेरी झाड. धुनीभोवती काही माणसं बसलेली, डोक्यावरून घोंगडी घेतलेली. एवढ्या उन्हात घोंगडी. आणि एकही घोंगडी श्वासानं हलत नव्हती.

पद्माकरराव स्वतःला वाघनाथांचा शिष्य म्हणवायचे. पुण्यात फरशांचा मोठा धंदा. मठाला त्यांनी पत्र्याची शेड बांधून दिली होती. शेडवर गुरूचं नाव होतं. त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरांत स्वतःचं.

थंडी सुरू होताना एका सकाळी त्यांचे वडील, अप्पा, घरातून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. पद्माकररावांनी पोलिसांना वर्णन दिलं. तबकडी निळी, पट्टा कातडी, कंपनी अमुक, मॉडेल तमुक. पेपरात जाहिरात दिली, तिच्यातही फोटो घड्याळाचा. अप्पांचा फोटोच नव्हता. म्हणजे होते दोन-चार, लग्नाकार्यातले. कडेला, अर्धे कापले गेलेले.

डोंगराच्या पायथ्याला चहाची टपरी आहे. तिथंही त्यांनी मोबाइल पुढं केला होता.

"हे कुणाच्या हातात पाहिलंत का?"

टपरीवाल्यानं हात पुसून नीट पाहिलं.

"आमच्या मेव्हण्याकडं हाय की असलंच. जत्रंत घेतलं. अंधारात चमकतंय बी."

"हे तसलं नाही हो."

"तसलंच हाय. काटं बगा की."

बाकावरच्या एकानं मान पुढं काढली. "ह्याच्यात गाणी लागत्यात का?"

"हे घड्याळ आहे!"

"मंग लई काय न्हाई."

म्हातारा दिसतो कसा, हे तिथं कुणी विचारलं नाही. कसं विचारतील? म्हातारा हरवलाय हे यांनी सांगितलंच नव्हतं. ते सुचलं शेवटी, कप खाली ठेवताना. तेव्हा टपरीवाला म्हणाला, "म्हातारा व्हय? मंग वर बगा. घरातून उठल्याली माणसं वरच बसत्यात."

म्हणून ते वर आले होते.

"अडाणी आहेत हो लोक," ते म्हणाले. "विमानतळावर, मोठ्या हॉटेलात, कुठंही जा. मनगट नुसतं दिसलं पाहिजे. बसलेली माणसं उठून उभी राहतात."

"बसलेली?"

"हो."

"घड्याळाकडं बघून?"

"हो तर."

वाघनाथांनी धुनीभोवतीच्या घोंगड्यांकडं पाहिलं.

"मग इथंही उठतील…"

पद्माकररावांना बरं वाटलं. गुरूनं मान डोलावली की ते पुढचं ऐकत नसत.

तेवढ्यात पायऱ्यांवरून एक बाई धापा टाकत आली. तिनं धुनीकडं पाहिलंही नाही. सरळ हिवराखाली जाऊन उभी राहिली.

हिवराच्या फांद्यांना वस्तू टांगलेल्या होत्या. चंची, अडकित्ता, काड्या तुटलेला चष्मा, पितळेचा तांब्या, वहाणांचा जोड, छत्री. असं बरंच काही, सुतळीनं बांधलेलं.

बाईनं छत्री ओढून काढली.

धुनीजवळचं एक घोंगडं उठलं. त्यातून एक वाकलेला माणूस निघाला.

"बसलास व्हय रं इथं तोंड लपवून?" बाई ओरडली. "आन् म्हशीची धार कोण काढणार, तुजा बाप? चल! भाऊ म्हणवतोस आन्…"

माणूस खाली मान घालून तिच्यामागं गेला. शिव्या पायऱ्या उतरत खाली गेल्या.

"हे काय होतं?" पद्माकररावांनी विचारलं.

"मठाची रीत. जो इथं राहायला येतो, तो नाव बाहेर ठेवतो. हाकेला उठत नाही. चार लोक ज्यावरून त्याला ओळखायचे, ती वस्तू झाडाला बांधतो. घरचं कुणी आलं, तर त्यानं झाडावरून एक वस्तू काढायची. ज्याची वस्तू निघाली, ते माणूस उठतं."

"एकच?"

"एकच. आणि एकदाच."

"अप्पा आहेत यांच्यात?"

"आहे."

पद्माकररावांना खरोखर हुंदका आला. तो खोटा नव्हता, हे सांगायला हवं. सहा महिने ते झोपले नव्हते. बाप हवा होता त्यांना. फक्त तो कसा होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

"तुझ्या बापाला लोक कशावरून ओळखायचे?" वाघनाथांनी विचारलं.

"माझ्यावरून."

"त्याआधी."

"त्याआधी म्हणजे… जामखेडला शाळेत होते."

"मास्तर?"

"नाही."

"मग?"

"शिपाई. जाऊ द्या ना नाथजी, फार जुनं झालं ते."

"काय करायचा?"

"टोल द्यायचे. रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, त्यावर दांडा हाणायचे. बस, एवढंच. पोरं मला टोल्या म्हणायची. अजून तिकडं गेलो तर एखादा म्हातारा म्हणतो, टोलवाल्या अप्पाचा ना तू? सूट घातलेला असतो मी!"

शाळेत ऐकण्यासारखं काही असेल, तर सुटल्याचा टोल. बाकी सगळं घशात कोंबलेलं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची पोरं सोडवली, त्याचा स्वतःचा पोरगा त्याची लाज बाळगून सूट शिवून घेत बसला. आणि पंचाहत्तरीला चारशे पाहुण्यांसमोर त्याच्या मनगटावर ते घड्याळ चढवलं. अप्पांनी ते कानाला लावलं. म्हणाले, "वाजत नाही रे हे." पाहुणे हसले. पद्माकररावांनी बापाला कोपऱ्यात नेऊन दबक्या आवाजात झापलं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांना हुकूम झाला. घड्याळ काढायचं नाही, आणि जामखेडला जायचं नाही. तिकडं कुणी ओळखत नाही असली वस्तू, उगाच हसं होतं.

"जा," वाघनाथ म्हणाले. "बघ झाडाला."

पद्माकरराव हिवराखाली गेले. चंची बाजूला केली. चष्मा बाजूला केला. मग एकदम हसले.

"नाथजी! हे बघा! अहो, मी सांगत नव्हतो?"

वरच्या फांदीला, पानांत, निळी तबकडी होती.

"नक्की?" वाघनाथांनी विचारलं.

"लाखात ओळखेन. काट्याची ठेवण बघा, पट्ट्याची शिवण बघा. या मुलखात दुसरं असणंच शक्य नाही. गावात एकालाही कळलं नाही, पण मला शंभर फुटांवरून कळतं."

"घड्याळ कळतं?"

"तेच म्हणतोय मी."

"बाप कळतो का, विचारलं."

"नाथजी, वेळ घालवू नका हो."

त्यांनी हात वर केला. मध्ये एक लोखंडी दांडा लोंबत होता, हाताच्या घामानं मुठीशी काळा पडलेला. आड येतो म्हणून त्यांनी तो कोपरानं ढकलला. दांडा पितळेच्या तांब्यावर जाऊन आदळला.

टण्ण…

डोंगरावर तो आवाज हवा त्याहून जास्त वेळ राहिला.

मागच्या रांगेतल्या एका घोंगड्यानं मान वर केली.

पद्माकररावांची पाठ होती तिकडं. वाघनाथांचं तोंड तिकडं होतं. त्यांना दिसलं. त्यांनी सांगितलं नाही. या थोर माणसांना आपल्या न बोलण्याचं केवढं कौतुक असतं! दोन शब्द बोलले असते तर काय जात होतं? पण रीत म्हणे. शिष्यानं स्वतः पाहायचं म्हणे.

"काढू ना?" पद्माकररावांनी विचारलं.

"तू ओळखलंस ना?"

"ओळखलं."

"काढ."

सुतळी तुटली. घड्याळ हातात आलं. चालू होतं.

मागच्या रांगेतली मान हळूहळू खाली गेली.

उठला तो दारालगतचा माणूस. घोंगडं सारून उभा राहिला, तर अप्पांपेक्षा हातभर उंच. एका डोळ्यात फूल पडलेलं. गालावर देवीचे वण. तो सावकाश आला आणि पद्माकररावांसमोर त्यानं आपलं डावं मनगट पुढं केलं.

"बांध."

"हे… हे कोण?"

"घड्याळाचा माणूस," वाघनाथ म्हणाले.

"हे अप्पा नाहीत!"

"नाहीत."

"मग घड्याळ यांचं कसं?"

"तुझा बाप इथं येताना वाटेत याला भेटला. याला म्हणाला, तुला हवं तर घे, मला याच्यावरून कुणी ओळखत नाही. यानं घेतलं. मग हाही त्याच्या मागोमाग वर आला. याच्याकडं झाडाला बांधायला दुसरं काहीच नव्हतं."

"चूक झाली नाथजी. परत काढतो. दुसरं काढतो."

"काय काढशील?"

पद्माकररावांनी झाडाकडं पाहिलं. चंची. अडकित्ता. वहाणा. दांडा अजून सुतळीवर फिरत होता. त्यांची नजर त्याच्यावरून गेली आणि पुढं चष्म्यावर थांबली.

"चष्मा… चष्मा होता त्यांना. होता ना?"

वाघनाथांनी धुनी फुंकली.

"अप्पा!" पद्माकररावांनी हाक मारली. "अप्पा, मी आलोय! उठा ना अप्पा!"

कुणी हललं नाही.

मग ते धावले. अंगणात सगळ्यात जवळ जे बसलं होतं त्याच्याकडं.

"उचलू नकोस," वाघनाथ म्हणाले. "खाली कुणी नसेल."

त्यांनी उचललंच. घोंगडं हातात आलं. खाली शेणानं सारवलेली जमीन होती. बसून बसून गुळगुळीत झालेली, आणि माणसाच्या अंगाइतकी गरम.

त्यांच्या हातातून घोंगडं पडलं. पडलं आणि जमिनीला टेकलं नाही. पुन्हा जसं होतं तसं बसलं… खांदे, मान, डोकं.

मागच्या रांगेपर्यंत चार पावलं होती. पद्माकररावांनी ती टाकली नाहीत.

"मी तुमचा शिष्य आहे, नाथजी." आवाज फाटला होता. "मी शेड दिली तुम्हाला…"

"उठला ना माणूस? तू म्हणालास, घड्याळ पाहिलं की उठतात."

"मला माझा बाप पाहिजे!"

"घड्याळ चुकलं का?"

"…नाही."

"बरोबर ओळखलंस?"

"बरोबर… पण…"

उंच म्हातारा मनगट पुढं धरून तसाच उभा होता. वाट पाहत होता. रोजची सवय असलेली माणसं पाहतात तशी. पद्माकररावांचे हात आपोआप पुढं झाले. त्यांनी पट्टा ओवला. कडी लावली. म्हाताऱ्यानं घड्याळ कानाशी नेलं, खूप वेळ ऐकलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल पदू," तो म्हणाला. "सूनबाई जेवायची थांबली असेल."

पदू म्हणणारं जगात एकच माणूस होतं, अप्पा.

पद्माकररावांनी गुरूकडं पाहिलं.

वाघनाथांनी धुनीची राख सारखी केली.

"तुझा बाप इथंच राहील," ते म्हणाले. "यांना पायऱ्या जपून उतरव. गुडघे दुखतात यांचे."