परसातला दुसरा रहाट

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव मला सांगता यायचं नाही, आणि ज्यांना ते ठाऊक होतं ते सांगायचं टाळत.

त्या गावात घरोघरी धुण्याचा रहाट असायचा. तुम्ही म्हणाल, रहाट तर विहिरीवर असतो. हा वेगळा. एक मोठं लाकडी पिंप, त्याच्या आत भोकाभोकांचं धाकटं पिंप. बाहेर एक चाक, चाकाला मूठ, आणि चाकापासून आतल्या पिंपाच्या आसापर्यंत चामड्याचा पट्टा. आत कपडे, पाणी आणि रिठ्याचा फेस घालायचा. बाहेर मूठ फिरवली की आतलं पिंप गरगर फिरायचं आणि मळ सुटायचा. मूठ घरधन्यानं फिरवायची आणि धुणं बाईनं वाळत घालायचं, अशी तिथली रीत होती.

त्या गावातल्या एका गृहस्थाला आपल्या रहाटाचा फार अभिमान होता. रहाट बिघडला तर तो सुताराला हाक मारत नसे. स्वतःच मांडी ठोकून बसायचा, खोलायचा, जोडायचा. यात वाईट काही नाही बरं का! घरची वस्तू घरच्या हातांनी दुरुस्त करणाऱ्याला मी कधी नावं ठेवणार नाही. फक्त त्याला एक खोड होती. हात चालू लागले की त्याचे कान बंद व्हायचे.

एके सकाळी रहाट खडखडू लागला. मूठ फिरली की आत कुठेतरी काहीतरी खुळखुळायचं, थांबायचं, पुन्हा खुळखुळायचं.

"अहो, थांबा," बायको म्हणाली. "आत काहीतरी अडकलंय. धाकटीच्या पैंजणाचं घुंगरू काल गळून पडलं, तेच असेल. दोन्ही पिंपांच्या मधल्या फटीत हात घालून बघा ना. मी बघितला घालून, पण माझा हात तळापर्यंत पोचत नाही."

त्यानं फटीत डोकावून पाहिलं. आत काळोख होता आणि लाकडाला बुळबुळीत शेवाळ धरलं होतं. त्यात पार खांद्यापर्यंत हात घालायचा, आणि निघालंच घुंगरू तर बायकोचं खरं ठरायचं. ते काही त्याला परवडणारं नव्हतं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला. "मूठ झिजलीय. मूठ बदलली की झालं."

आणि तो तडक बाजाराला निघाला.

बाजाराच्या शेवटी, जिथून पुढे नुसता ओढा आणि निवडुंग, तिथे त्याला एक दुकान दिसलं. मागच्या बाजाराला ते तिथे नव्हतं. दुकानात रहाटाचे सुटे भाग ओळीनं मांडले होते. दुकानदार पाठमोरा बसला होता. गृहस्थानं तोंड उघडायच्या आत त्यानं हात मागे करून एक कोरी मूठ पुढे धरली.

"हीच हवी होती ना?"

"हो. पण तुम्हाला कसं कळलं? आणि मोल काय?"

"मोल नको," दुकानदार म्हणाला. "जुनी मूठ मात्र जाळायची नाही, फोडायची नाही, कुणाला द्यायची नाही. परसात टाकून द्यायची, एवढंच."

फुकटात मिळतंय म्हटल्यावर कोण फार विचारतं? त्यानं मूठ घेतली. वाटेत ती नाकाशी धरून बघितली. कोऱ्या लाकडाला वास असतो, तुम्हाला ठाऊक आहे. या लाकडाला कसलाच वास नव्हता.

मूठ चपखल बसली. जुनी त्यानं परसात भिरकावली. रहाट फिरवला, तर आत खुळखुळ चालूच.

"मी सांगते ऐका, हात घालून बघा," बायको म्हणाली.

"पट्टा सैल झालाय," तो म्हणाला.

पुढच्या बाजाराला त्यानं पट्टा आणला. मग चाक आणलं, मग आस. दर वेळी दुकानदार पाठमोरा बसलेला असायचा आणि हवा तो भाग आधीच काढून ठेवलेला असायचा. दर वेळी जुना भाग परसात जायचा आणि दर वेळी रहाट खुळखुळायचा. बायको दर वेळी तेच सांगायची, पण तिचा आवाज आता खाली आला होता. ऐकलं जात नाही हे कळलं की माणूस हळू बोलू लागतो, आणि तिचं तसंच झालं होतं. धाकटी एका पायात पुऱ्या घुंगरांचं आणि दुसऱ्या पायात एक घुंगरू कमी असलेलं पैंजण घालून लंगडल्यासारखी वाजत हिंडायची.

एका दुपारी बायको मागल्या दारातून घाईघाईनं आत आली.

"अहो, परसातल्या जुन्या वस्तू तुम्ही नीट लावून ठेवल्यात का?"

"मी कशाला लावू? मी नुसत्या फेकल्या."

तो बघायला गेला. पडवळाच्या मांडवामागे जुनं चाक उभं होतं. चाकाला जुनी मूठ बसलेली होती आणि जुन्या आसावर जुना पट्टा ताणलेला होता. भर उन्हात तिथली माती ओली होती. कोंबड्या सगळं परस उकरत होत्या, पण त्या ओल्या मातीवर एकीचंही पाऊल उमटलेलं नव्हतं.

तो दोन पावलं मागे सरला. पण भीती वाटली असं बायकोसमोर कसं म्हणायचं? "पोराटोरांचे उद्योग," असं म्हणून तो आत आला.

पुढच्या बाजाराला त्यानं आतलं पिंप बदललं आणि त्याच्या पुढच्या बाजाराला बाहेरचं. बाहेरचं पिंप बदलताना तळाशी उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यानं जुन्या पिंपातलं पाणी नव्या पिंपात ओतलं. ओतताना पाण्याबरोबर काहीतरी टण्णकन आत पडलं. बायकोनं ते ऐकलं आणि त्याच्याकडे बघितलं. त्याचं लक्ष मात्र आधीच पट्टा ताणण्याकडे लागलं होतं.

आता रहाटाचा एकही भाग जुना उरला नव्हता. त्यानं ऐटीत मूठ फिरवली.

खुळखुळ.

त्याच दुपारी परसातल्या दोरीवर धुणं दिसलं. ते त्यांनी घातलेलं नव्हतं. त्यात त्याचं एक धोतर होतं, जे कधीच फाडून पोतेरं केलेलं, आणि धाकटीचं पहिलं झबलं होतं, जे चुलीत गेल्याचं बायकोला स्वच्छ आठवत होतं. सगळं ओलं, नुकतंच पिळलेलं. मांडवामागे जुना रहाट पुरा जुळून उभा होता. आतलं पिंप बाहेरच्या पिंपात बसलं होतं आणि चाक अजून हळूहळू थांबत होतं.

बायकोनं धाकटीला उचलून कडेवर घेतलं. "नका हो आणू आता काही," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते. एकदा हात घालून बघा, नाहीतर तसाच वाजू द्या त्याला."

"एवढं केलं ते काय अर्ध्यात सोडायला?" तो म्हणाला, आणि निघाला.

त्या दिवशी बाजार नव्हता. तरी दुकान होतं. आत मात्र एकही भाग मांडलेला नव्हता.

"सगळं बदललं," गृहस्थ चिडून म्हणाला. "तरी वाजतोच आहे! आता काय बदलू?"

दुकानदार पहिल्यांदाच वळला. त्याचा चेहरा कसा होता ते गृहस्थाला नंतर कितीही आठवून बघितलं तरी आठवेना. त्यानं गृहस्थाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, विकत घ्यायचं लाकूड कुणी न्याहाळावं तसं.

"एक भाग जुना उरलाय," तो म्हणाला.

"कुठला?"

"फिरवणारा. त्याच्या जागचा नवा मी मघाशीच पोचवलाय."

गृहस्थ धावत सुटला. घरी पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. ओसरीवर एक माणूस रहाटाची मूठ फिरवत होता. तीच उंची, तीच मिशी, तेच खांदे. अंगावरचा सदरा मात्र कोरा, आणि कपाळावर घामाचा थेंब नाही.

"कोण रे तू? ऊठ तिथून!" गृहस्थ ओरडला.

बायकोनं मान वर केली. तिनं त्याच्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, आणि तिच्या डोळ्यांत दया होती.

"भाकरी हवी का, बाबा?" ती म्हणाली. "मागल्या दारी या, देते."

"अगं, मी आहे! मी!"

पण त्याचा आवाज न वंगणलेल्या आसासारखा नुसता करकरला. ती आत वळली. त्याला मागल्या दारी जावंच लागलं.

परसात जुना रहाट उभा होता. त्याची मूठ रिकामी होती आणि तिच्यावर त्याच्याच बोटांचे खळगे होते. त्यानं आधारासाठी हात ठेवला. बोटं खळग्यांत बसली, चाक फिरू लागलं, आणि काही केल्या त्याला हात सोडवेना. जुन्या रहाटातून जराही आवाज येत नव्हता. त्यातला एकही भाग कधी बिघडलेला नव्हता.

मागल्या दारातून त्याला ओसरीवरची खुळखुळ ऐकू आली. मग बायकोचा आवाज आला, अगदी खालचा, विचारू की नको असा.

"अहो, एकदा आत हात घालून बघाल का?"

"मी बघतो! मी घालतो हात!" तो परसातून करकरला.

ओसरीवरच्या माणसानं बाही वर सारली, फटीत खांद्यापर्यंत हात घातला आणि शेवाळानं हिरवं झालेलं एक घुंगरू काढून बायकोच्या तळहातावर ठेवलं.

"किती दिवसांनी ऐकलंत माझं!" बायको म्हणाली, आणि ती रडत होती की हसत होती ते परसातून कळलं नाही.

थोड्या वेळानं धाकटी भाकरी घेऊन मागल्या दारी आली. तिचे दोन्ही पाय आता सारखे वाजत होते. ती मांडवामागे पाहून थबकली.

"आई, आपल्या परसात एक जुना माणूस आहे."

"असू दे गं," आई आतून म्हणाली. "जुनं सगळं तिथंच टाकलंय."

धाकटीनं भाकरी रहाटाजवळच्या दगडावर ठेवली आणि ती आत पळाली. त्याचा एक हात मुठीला होता आणि दुसरा भाकरीपर्यंत पोचत नव्हता.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: बिघाड कुठे आहे हे न बघता आणि जवळच्या माणसाचं न ऐकता जो सगळं बदलत सुटतो, त्याच्या घरात शेवटी बदलायला तो एकटाच उरतो.