सातबोडीत पाण्यात जाळं का ठेवत नाहीत

सातबोडी हे ढिवरांचं, मासे धरणाऱ्यांचं गाव. गावाभोवती सात बोड्या आहेत. बोडी म्हणजे बांध घालून अडवलेलं लहान तळं. यातल्या कुठल्याही बोडीवर संध्याकाळी गेलात, तर सगळी जाळी बांधावरच्या मोहांच्या फांद्यांवर वाळत असलेली दिसतील. पाण्यात रोवलेला बांबू नाही, सापळा नाही, सोडून दिलेला गळ नाही. मासे धरताना प्रत्येकाच्या मनगटाला त्याच्या जाळ्याचा दोर बांधलेला असतो, आणि एका बोडीचा माणूस दुसऱ्या बोडीत जाळं टाकत नाही. शिंगाडे घ्यायला बाहेरगावचे लोक येतात, त्यांना हे नवल वाटतं. ते विचारतात, आणि मग दसरू बुढा हातातली विडी विझवून सांगायला बसतो. त्यानं हे आजीकडून ऐकलेलं आहे.

फार मागं, म्हणे, गावात आडकू नावाचा ढिवर होता. मासे धरण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. साती बोड्यांवर त्याचा वावर. फेकजाळं होतं, ओढायचं जाळं होतं, बांबूचे सापळे होते, ओळीनं सोडायचे गळ होते, आडवं बांधून दोन-दोन दिवस पाण्यात ठेवायचं जाळं होतं. गेळफळं कुटून पाण्यात टाकायची आणि गुंगलेले मासे वेचायचे, हेही त्याला येत होतं. दुसऱ्या गावी एखादी नवी रीत बघितली की आठ दिवसांत ती आडकूच्या अंगणात तयार. लोक कौतुक करत आणि त्याला ते आवडे.

पण इतकं सगळं मांडल्यावर ते काढायला एक माणूस कुठवर पुरणार? कधी सापळ्यात मासे कुजून जात. कधी गळ कुठं बांधला तेच आठवत नसे. "तितकं जातेच," असं म्हणून तो पुढच्या बोडीकडे निघे.

त्याची बायको भिवरा शिंगाडे काढायची. पोटाशी पालथं मडकं धरून छातीभर पाण्यात उतरायचं आणि वेल उलटून शिंगाडे तोडायचे, असं ते काम. वेलीखाली तळ दिसत नाही. म्हणून ती निघताना रोज नवऱ्याला विचारून निघे.

त्या दिवशीही तिनं विचारलं, "आज पद्मबोडीत उतरते मी. तुमचं काई हाय का तिथं?"

आडकू नव्या सापळ्याच्या कांबी वळत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "पद्मबोडीत? काईच नाई. जा बिनघोर."

दुपार कलली तेव्हा बायांचा आरडाओरडा गावात ऐकू आला. लोक धावले. मडकं एकीकडे तरंगत होतं. पाणी छातीभरच, पण चौघीजणी ओढत होत्या तरी भिवरा वर येत नव्हती. पाय जाळ्यात गुरफटून ती पाण्याखाली आडवी पडली होती. विळ्यानं जाळं कापून तिला काठावर आणलं, तोवर सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी पंच बांधावर बसले. चिखलानं माखलेलं ते जाळं मध्ये पडलं होतं. तसलं जाळं गावात तीन घरी होतं. त्यातल्या एका घरच्या बिरजूला त्या आठवड्यात पद्मबोडीवर कुणीतरी पाहिलं होतं, त्यामुळे सगळ्यांचा रोख त्याच्यावर. तो बिचारा हात जोडून सांगत होता, "माह्यं नोहे जी, आईची आन, माह्यं नोहे." कुणी मानायला तयार नव्हतं. आडकूसुद्धा त्याच्याकडे रागानं बघत होता.

मग आडकू पुढं सरकला आणि त्यानं ते जाळं मांडीवर घेतलं. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आडकू डावखुरा होता. त्याची गाठ उलटी पडायची. जाळ्याच्या काठावरून अंगठा फिरवताना एका गाठीवर तो थांबला. पुढची गाठ चाचपली. तिच्या पुढची. तेव्हा त्याला आठवलं. चार दिवसांपूर्वी दुसऱ्या बोडीकडे जाता जाता त्यानं घाईघाईत हे जाळं इथं बांधलं होतं, आणि मग ते डोक्यातून पार गेलं होतं.

गाठी कुणी पाहिल्या नव्हत्या. गप्प बसला असता तरी चाललं असतं. शेजारी त्याची मुलगी तानी बसली होती. मग तो उठला.

"बिरजूले सोडा," तो म्हणाला. "जाळं माह्यं हाय. तिनं मले विचारलं होतं. मी नाई म्हनलो."

पंचांना काय शिक्षा द्यावी ते सुचेना. एक म्हणाला, गावाबाहेर काढा. दुसरा म्हणाला, त्याचं आणखी काय काढून घ्यायचं राहिलं? आडकूनं त्यांची वाट पाहिली नाही. साती बोड्या धुंडून त्यानं आपलं सगळं सामान काढलं, घरातलं आणलं, बांधावर ढीग केला आणि पेटवून दिला. एक फेकजाळं तेवढं ठेवलं. त्याचा दोर मनगटाला बांधून तो म्हणाला, "हातातून सुटते ते आता माह्यं नोहे." त्या दिवसापासून तो पद्मबोडी सोडून दुसऱ्या पाण्यावर गेला नाही.

पहिले कित्येक महिने त्याला धड काही मिळालं नाही. बाप-लेक पेजेवर दिवस काढत. इतका हुन्नरी माणूस वाया गेला, असं लोक म्हणत. पण एकाच पाण्यापाशी रोज उभं राहिलं की ते पाणी कळायला लागतं. कुठल्या वाऱ्याला मासा कुठल्या कोपऱ्यात जातो, मरळ आपली पिल्लं कुठं खेळवते, हे त्याला दिसू लागलं. पिल्लं असतील तिथं तो जाळं टाकत नसे. दिवसाला चार-पाच मासे मिळत, पण रोज मिळत.

बाकीच्या सहा बोड्यांवर सगळ्यांची सगळी हत्यारं चालूच होती. तिसऱ्या उन्हाळ्यात तिथं मासा उरला नाही. पुढच्या पावसाळ्यात पद्मबोडी भरून वाहिली आणि मरळी ओल्या गवतातून सरपटत बांध ओलांडून दुसऱ्या बोड्यांत गेल्या. भिवरानंच त्यांना धाडलं, असं गावात म्हणतात. दसरू बुढा म्हणतो, मरळ तशीही ओल्यातून चालते. पण तो वाद घालत नाही.

याच सुमारास तानीचं लग्न गावातल्याच झितरूशी ठरलं. झितरूच्या घरची जाळी सहा बोड्यांवर होती. मांडवात अक्षता पडणार, तेवढ्यात तानीनं नवऱ्या मुलाला विचारलं, "तुमचं पानी कोनतं?"

झितरूचा बाप हसला. "पोरी, आता साती बोड्या आपल्याच."

"सातीत कोन्या भरवशावर उतरू मी?" तानी म्हणाली.

वाजंत्री थांबली. आडकू खाली मान घालून बसला होता, त्यानं वर पाहिलं नाही. झितरूनं आडकूकडे पाहिलं. मग म्हणाला, "उगवतीची बोडी. अन् हातातलं जाळं. दुसरं काई नाई."

"मंग बाकीचं काढून या," तानी म्हणाली.

तो मुंडावळ्या बांधलेल्या डोक्यानं तसाच गेला. सगळं काढायला दुसरा दिवस उजाडला. दोन सापळे कुठं मांडले होते ते त्याला आठवेचना. ते सापडेपर्यंत तानी मांडवात बसून राहिली, असं सांगतात.

तिच्यामागून लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलींनीही तेच विचारलं, आणि घरोघरची पाण्यातली जाळी निघाली. आजही सातबोडीत अक्षतांच्या आधी नवरी हेच विचारते. नवरदेव एका बोडीचं नाव घेतो. मग त्याचे सोबती लांब बांबू घेऊन त्या बोडीसकट साती बोड्यांकडे जातात, वेलीखालचा तळ चाचपतात, आणि परत येऊन मांडवाच्या दारातून ओरडून सांगतात, "पानी मोकळं हाय!" त्यानंतरच वाजंत्री वाजते.