येसूबाईचा हुंकार

फार फार मागं, खोपटेवाडीच्या पारावर कुणी बोलायला उभं राहिलं, की हुंकार द्यायला एकच माणूस बसायचं. साऱ्या गावाच्या वतीनं त्यानं 'हं' म्हणायचं. म्हणजे बोलणाऱ्याला कळायचं, गावानं ऐकलं आणि गावाला पटलं. तो मान येसूबाईचा. तिचा 'हं' इतका भरीव, की पारावर दिला तर ओढ्यापलीकडची टेकडीही 'हं' म्हणायची, असं म्हणतात.

आणि बोलणारे होते लहानूबुवा. आवाज असा गोड, की जावाजावा भांडण उद्यावर टाकून ऐकायला यायच्या. बुवांनी बोलावं, येसूबाईनं हुंकार द्यावा. दोघांचं इतकं जमून गेलं होतं, की वाक्य संपायच्या आत हुंकार तयार. चूक तिथंच होती, पण गोड लागत होतं तोवर कुणाच्या ध्यानात आली नाही.

एका वर्षी गावाची गुरं पटापट मरायला लागली. सकाळी चरायला गेलेली गाय दुपारी पोट फुगून आडवी. गाव हवालदिल होऊन पाराभोवती गोळा झालं. बुवा उभे राहिले. कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण 'मला माहीत नाही' एवढं तीन शब्दांचं भाषण करायची त्यांना सवय नव्हती.

"ओढ्याकाठी पाथरवटाचं बिऱ्हाड उतरलंय," बुवा म्हणाले.

"हं," येसूबाई म्हणाली.

"जाती घडवतात, अन् दगडाची पांढरी पूड पाण्यात सोडतात."

"हं."

"तीच पूड आपल्या गुरांच्या पोटात गेली!"

"हं."

हा शेवटचा हुंकार टेकडीवरून परत येईतो बाप्ये काठ्या घेऊन निघालेही होते.

पारावर येसूबाई एकटी उरली. त्या बिऱ्हाडात एक ओली बाळंतीण होती. आदल्याच दिवशी येसूबाईनं तिला डिंकाचे लाडू नेऊन दिले होते. त्या पोरीचं तोंड म्हातारीच्या डोळ्यांपुढं आलं. बुवांनी पूड सोडताना पाहिलं होतं का? आपण विचारलंच नाही. शब्द बुवांचे, पण काठ्या उचलल्या गेल्या त्या आपल्या हुंकारानं. तिला स्वतःची फार लाज वाटली. ती उठली आणि धावत सुटली. त्या दिवशी तिचे पाय जमिनीला लागलेच नाहीत, असं म्हणतात. माणसांच्या आधी ती ओढ्यात पोहोचली आणि पाण्यात उभी राहून ओरडली, "माझा हुंकार मी परत घेते!"

असं म्हणतात, की टेकडीनं तिचे सगळे हुंकार एकेक करून परत दिले. ओढा वाहायचा थांबला. उगारलेल्या काठ्या इतक्या जड झाल्या, की हातांना पेलेनात.

"बुवा, पूड सोडताना पाहिलंत की ऐकलंत?" येसूबाईनं विचारलं.

"ऐकलं," बुवा म्हणाले. "लोक म्हणत होते."

"कोण लोक?"

बुवांनी गर्दीकडं बोट केलं. गर्दी एकमेकांची तोंडं पाहायला लागली.

"आम्ही तर तुमच्याकडूनच ऐकलं, बुवा," कुणीतरी पुटपुटलं.

बाळंतिणीपुढं आडवा उभा असलेला पाथरवट तेव्हा कुठं बोलला. "आमचं गाढव बी हेच पाणी पितंय, मालक. बघा की, कसं टुणटुणीत हाय!"

गाढवाला साक्षीला आलेलं पाहून गुराखी धोंडीला राहवेना. तो पुढं झाला. "कापलेल्या ज्वारीला कवळं फुटवं आल्यात. माझा डोळा लागला अन् गुरं त्यात शिरली. त्येच बाधलं."

"मेल्या, मग पारावर का गप बसलास?"

"बुवांनी दुसऱ्याचं नाव घेतलं, येसूआत्या. मला बरंच वाटलं."

काठ्या खाली आल्या. बुवांनी पाथरवटापुढं हात जोडले. धोंडीनं त्या हंगामात पापणी मिटली नाही, असं म्हणतात. निदान त्याची बायको तरी तसं सांगायची. बुवा पुढंही बोलत राहिले, पण कमी, आणि म्हणूनच की काय, आणखी गोड. बाळंतिणीनं बाळाचं नाव येसूच ठेवलं. बिऱ्हाड हललं तेव्हा पारावर एक घडीव दगडी पाट मागं राहिला. हुंकार देणारीला बसायला.

तो पाट अजून आहे. आजही पारावर शिक्षक उभे राहोत, कीर्तनकार उभे राहोत, नाहीतर निवडणुकीला उभा असलेला कुणी माइक हातात घेवो, पाटावर बसलेलं माणूस आधी विचारतं, "पाहिलं की ऐकलं?" उत्तर मिळेपर्यंत टाळी नाही. गेल्या खेपेला एक उमेदवार बराच वेळ घसा खाकरत राहिला आणि शेवटी "ऐकलं" म्हणाला. सगळा पार हसला, तोही हसला, आणि मग त्याला चहा मिळाला.

ही गोष्ट सांगणाऱ्यालाही सुटका नाही. खोपटेवाडीची पोरं त्यालाही तेच विचारतात. त्यानं सरळ सांगायचं, "पाहिली नाही रे बाबांनो, ऐकली. म्हणून तर घडोघडी 'असं म्हणतात' म्हणतोय." एवढं कबूल केलं, की मग पोरं हुंकार देतात. आणि मागोमाग टेकडीवरूनही एक येतो, असं म्हणतात.