गेरूची रेघ

एकदा एक वृद्ध शिल्पकार मंदिराच्या मंडपासाठी अप्सरांच्या मूर्ती घडवीत होते. हाताखाली एक तरुण शिष्य होता. हात चांगला, नजर तीक्ष्ण, आणि त्या नजरेचा त्याला भारी अभिमान. चार महिन्यांपूर्वीच त्याचे लग्न झाले होते.

एके दिवशी काम करता करता त्याने तक्रार मांडली. "गुरुजी, हिचं काही कळत नाही. पहिला महिना नुसती बडबडायची, हसायची. आता मी जवळ गेलो की अंग चोरते. एवढ्या उकाड्यात पदर गळ्याशी घट्ट धरून बसते. अर्धी भाकरी खाऊन उठते."

"हे कधीपासून?"

शिष्य हसला. "मी एकदा गंमत केली, तेव्हापासून."

गंमत अशी. मापाचे सूत घरी नेऊन त्याने बायकोला समोर उभे केले आणि खांदे, दंड, कंबर, सारे मोजले. दगडाचा जादा भाग जिथून उडवायचा, तिथे शिल्पकार गेरूची रेघ मारतात. तशा रेघा त्याने तिच्या दंडावर आणि कंबरेवर ओढल्या. म्हणाला, इथे दोन बोटं कमी हवं होतं.

"तीही हसली होती, गुरुजी. मग मात्र कातडी सोलवटेपर्यंत गेरू घासत बसली."

बायको हसली म्हणजे तिला लागले नाही, असे मानणारे शहाणे आजही घरोघरी आहेत. चारचौघांत तिच्या जाडीवर बोलतात, आणि ती गप्प झाली की तिलाच विचारतात, तुला साधी गंमत कळत नाही का? या माणसांचा मला मनस्वी संताप येतो.

गुरुजींनाही आला. ते उठले. "अंगरखा काढ आणि इथे उभा राहा."

मंडपात काम करणाऱ्या साऱ्या कारागिरांदेखत त्यांनी शिष्याला सूत लावले. छातीवर एक रेघ मारली, पोटावर दोन. मग पोटावरच्या रेघेवर छिन्नी टेकवून हातोडी उचलली. शिष्य पांढराफटक पडला.

"गुरुजी, हे काय करताय?"

"जास्तीचं उडवतो. गंमत आहे. हस की."

कारागीर मात्र खरेच हसू लागले. शिष्याचे दोन्ही हात आपोआप पोटावर आले.

"झाकतोस कशाला?" गुरुजी कडाडले. "ती पदर धरते तो याचसाठी. तुझ्या डोक्याला इतके दिवस कळलं नाही, तुझ्या हातांना क्षणात कळलं. सांग, मूर्तीची उंची कशाने मोजायची?"

"तिच्याच मुखाच्या मापाने."

"एका मूर्तीचं मुख घेऊन दुसरी मोजली तर?"

"ती बिघडते."

"दगडाच्या बाबतीत जी चूक तू कधी केली नाहीस, ती बायकोच्या बाबतीत केलीस. या मंडपातल्या अप्सरेचं माप घेऊन घरी गेलास. अरे, दगड आपण मोजतो, कारण तो कापायचा असतो. तिला तू कापणार होतास का? ती तुझ्यासमोर निःसंकोच उभी राहिली, ती माप द्यायला नव्हे. तिचा तुझ्यावर विश्वास होता. रेघ तू त्या विश्वासावर मारलीस, आणि ती घासून जात नाही. घरी जा."

शिष्य मान खाली घालून घरी गेला. बायको अंगणात धान्य पाखडत होती. त्याने तिची क्षमा मागितली आणि वर म्हणाला, "खरं सांगतो, तू सुंदर आहेस. कुठेच काही कमी-जास्त नाही."

तिने सूप खाली ठेवले. कित्येक दिवसांनी तिने त्याच्याकडे सरळ पाहिले.

"त्या दिवशी मी जास्त होते, आज सुंदर आहे. दोन्ही तुम्हीच ठरवलंत. हे अंग माझं आहे. मला त्याची लाज नव्हती. ती तुम्ही या घरात आणलीत. ती जाईपर्यंत मला हात लावायचा नाही, आणि तुमचं कौतुकही नको."

आपण क्षमा मागायला आलो आणि पुन्हा निवाडा देऊन बसलो, हे शिष्याला तेव्हा उमजले. तो जरा अंतर ठेवून खाली बसला. इतक्या दिवसांचे साठलेले ती रागाने बोलत राहिली. तिचे बोलून संपेपर्यंत त्याने मध्ये एक शब्द काढला नाही.