रॉकेटला कुलूप

एका गावात एक भोळा राखणदार होता. गावाचं नाव खडकेवाडी, राखणदाराचं केरबा. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. तीच तर अडचण होती.

त्याची बायको हौसा माहेरी जाऊन बसली होती. सासऱ्याचा निरोप आला होता, "जावई एका नोकरीत तीस दिवस टिकला, की एकतिसाव्या दिवशी लेक आणून घालतो." केरबा आजवर कुठंच चार दिवसांवर टिकला नव्हता. पण हौसावर त्याचा फार जीव. रोज दोन भाकऱ्या थापायचा, एक खायचा आणि एक तिच्या नावानं झाकून ठेवायचा.

त्याच साली एका खासगी कंपनीनं खडकेवाडीच्या माळावर रॉकेट उभं केलं. पूर्वी आभाळात जायचं तर सरकारनं पाठवावं लागे. आता तिकीट काढलं की कोणीही जावं. कंपनीच्या प्रमुख देवस्थळीबाई. त्यांनी केरबाला फाटकावर नेमलं आणि सगळ्या चाव्यांचा जुडगा त्याच्या हाती दिला.

तिसऱ्या दिवशी बाई उड्डाणाची परवानगी आणायला मुंबईला निघाल्या. जीप फाटकाबाहेर पडली आणि केरबा मागून ओरडला, "बाईऽऽ, कुठं निघालायसा?"

ड्रायव्हर गावचाच. त्यानं करकचून ब्रेक दाबला, गाडी मागं घेतली, उतरून बसला आणि तांब्याभर पाणी प्यायला. बाई विज्ञान शिकलेल्या. पण घोटभर त्याही प्यायल्या. तोवर मुंबईतलं ऑफिस बंद व्हायची वेळ झाली.

"अरे केरबा, निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये!"

"बरं बाई. फुडच्या येळी तसंच करतो."

दहाव्या दिवशी टेम्पो निघाला. आत प्रवाशांची हेल्मेटं, मागचं दार सताड उघडं. केरबानं ते पाहिलं. हाक ओठांवर आली होती. त्यानं ती गिळली. टेम्पो घाट उतरला आणि हेल्मेटंही घाट उतरली, एकेक करून. खडकेवाडीच्या कोंबड्या अजून त्यांत अंडी घालतात.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, उघडं दार दिसलं की आधी बंद करावं! कुलूप घालावं!"

"बरं बाई. फुडच्या येळी तसंच करतो."

विसाव्या दिवशी दिल्लीहून तपासणीसाहेब आले. रॉकेटचे सुटे भाग ठेवले होते त्या गोदामात ते शिरले. केरबाला उघडं दार दिसलं. त्यानं कुलूप घातलं, जुडगा कनवटीला लावला आणि तो जेवायला घरी गेला. जेवला, थोडा लवंडला. साहेब संध्याकाळी बाहेर आले. बाईंनी केरबाला बाजूला घेतलं.

"कुलूप घालण्याआधी आत माणूस आहे का बघावं! असला तर हात धरून बाहेर काढावं! आणि चाव्या घेऊन गावभर हिंडू नकोस. जिथलं कुलूप, तिथंच चावी ठेवावी. आणखी एक चूक झाली, तर त्याच दिवशी फाटकाबाहेर काढीन."

"बरं बाई. फुडच्या येळी तसंच करतो," केरबा म्हणाला. त्या रात्री त्यानं हौसाची भाकरी झाकली आणि उरलेले दहा दिवस बोटांवर मोजले.

तिसावा दिवस उजाडला. तोच उड्डाणाचा दिवस. मंत्री आले, पत्रकार आले. पाहुणे आत आल्यावर केरबानं फाटकाला कुलूप घातलं. एकही चूक नाही. पहिले प्रवासी होते झुंबरशेठ. त्यांच्या आईनं बजावलं होतं की निघताना हातावर दही पडलंच पाहिजे. सगळे कामात. रिकामा एकटा केरबा. बाईंनी दह्याची वाटी देऊन त्याला रॉकेटशेजारच्या मनोऱ्यावर पाठवलं.

तो वर पोचला. शेठना खुर्चीत पट्टे बांधून माणसं रॉकेटचं दार लावायचं यंत्र आणायला गेली होती. दार सताड उघडं.

केरबानं खिशातलं कुलूप हातात घेतलं. मग आठवलं, आधी आत बघावं. बघितलं, तर आत माणूस!

"शेठ, भायेर या."

शेठ मघापासून घामानं भिजले होते. कोणीतरी असं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी लगेच हात पुढं केला. केरबानं पट्टे सोडून त्यांना बाहेर काढलं आणि हातावर दही घातलं. मग चाव्या आत खुर्चीवर ठेवल्या, पडू नयेत म्हणून वरून पट्टा बांधला, दार लावलं, कुलूप दाबलं. यंत्र घेऊन आलेल्या माणसांना दार बंद दिसलं. ती समाधानानं परत गेली.

आकडे उलटे मोजून झाले. धूर उठला, माळ हादरला, रॉकेट गेलं. टाळ्या थांबेनात.

"झुंबरशेठ, कसं वाटतंय?" बाईंनी माइकमध्ये विचारलं. उत्तर नाही. "भारावून गेलेत," त्या पत्रकारांना म्हणाल्या.

"आता बरं वाटतंय," मागून आवाज आला. शेठ दही चाटत उभे होते.

बाईंना सगळं कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी फाटकाकडं बोट केलं. "केरबा, चालता हो! आत्ताच्या आत्ता!"

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो फाटकापर्यंत गेला आणि उभाच राहिला.

"जा ना!"

"कुलूप हाय बाई."

"मग उघड!"

"चावी जुडग्यात हाय."

"जुडगा कुठंय?"

केरबानं वर बघितलं. बाईंनी वर बघितलं. मंत्र्यांनीही बघितलं. फाटक आणि उंच कुंपण रॉकेटच्याच पोलादाचं, बाईंनी मुद्दाम करून घेतलेलं. रॉकेट पृथ्वीभोवती फिरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरणार होतं.

"हे तुझ्या लक्षात कधी आलं?"

"धूर निघाला तवाच."

"मग ओरडला का नाहीस?"

"बाई," केरबा समजुतीनं म्हणाला, "निघालेल्याला मागनं हाक मारू नये."

कोणालाच बाहेर जाता आलं नाही, म्हणून केरबाचा तिसावा दिवस आतच भरला. सकाळी सासरा शब्दाला जागला. हौसा बोचकं घेऊन फाटकापाशी आली. गजांतून तिला नवरा दिसला, त्याच्या मागं मंत्री दिसले, पारोसे.

"अवं, उघडा की दार!"

"आलीस व्हय!" केरबाचा चेहरा फुलला. "जरा बस. चावी वरनं येतीया."